तीन वळणं आधी

ब्रॉनविनला नवऱ्याची गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. ट्रेंटची जुनी यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, हमरस्ता सोडून पोर्ट ऑगस्टा गावात शिरली, की तिच्या इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरची बारीक, चढत जाणारी शीळ तीन वळणं आधीच कानावर यायची. मग ब्रॉन चहाची केटल लावायची आणि लेकीचं, टिलीचं, नाक पुसायची. तो दोन-दोन आठवडे खाणीवर कामाला असायचा. उत्तरेच्या खाणीपासून घरापर्यंत अडीचशे किलोमीटर, त्यात दिवस कलला की कांगारू रस्त्यावर येतात. ती शीळ म्हणजे, आला बाई, धड आला.

मागच्या सुट्टीत त्याने आणि सासऱ्यांनी मिळून ती शीळच उपटली: सुपरचार्जर काढून टर्बो बसवायला घेतला. टिलीमुळे सासऱ्यांना सगळेच पॉप, म्हणजे आजोबा, म्हणत. त्यांच्या शेडच्या दारात ब्रॉन लेकीला कडेवर घेऊन उभी होती.

"हे बघ पोरी," पॉप म्हणाले, "सुपरचार्जरला इंजिनचाच पट्टा फिरवतो. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला की ताकद हजर, पण इंजिनच्याच ताटातला घास खाऊन. टर्बो बापडा जळून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरतो. फुकटात."

"आणि उशिरा जागा होतो," ब्रॉन म्हणाली.

"तुझ्या नवऱ्यासारखा."

"ऐकू येतंय हां!" ट्रेंट गाडीखालून ओरडला. "ब्रॉन, मला अडीचशे किलोमीटर एका चालीत जायचं असतं, तिथे जागं व्हायला वेळच वेळ. पेट्रोल वाचेल. आणि तो पट्टा परत तुटला तर माळावर बसून राहू का?"



"आवाज कमी होईल ना?" तिने विचारलं.

"जवळजवळ येणारच नाही!" ट्रेंट म्हणाला. "शेजारी दुवा देतील."

मला हवाय तो, असं ओठांवर आलं होतं. पण शिकल्यासवरल्या बाईने एका शिळेसाठी हट्ट कसा करायचा? सुपरचार्जर मागच्या रस्त्यावरच्या डॅरिलने आपल्या यूटला लावायला नेला.

दोन आठवड्यांनी शुक्रवारी ट्रेंट दुपारी तीन वाजता खाणीवरून निघाला. वाटेत फोन लागत नाही. साडेपाचला खिमा भरलेल्या पेस्टी ओव्हनमध्ये होत्या आणि ब्रॉन तिसऱ्यांदा खिडकीशी आली होती.

आणि शीळ आली.

"डॅडा!" टिली किंचाळली. ब्रॉन अनवाणीच फाटकापर्यंत धावली.

डॅरिलची लाल यूट होती. त्याने दोन बोटं उचलून ओळख दिली आणि तो पुढे गेला. शीळ कोपऱ्यावर वळली, बारीक होत गेली. टिलीचा हात वरच राहिला होता.

"डॅडा गेला," ती म्हणाली.

"तो डॅडा नव्हता गं."

तिने पॉपना फोन लावला.

"डॅरिलची गाडी गेली आत्ता."

"बरं मग?"

"मी दारात धावले, पॉप. टिलीसुद्धा."

"मला वाटायचं, तुला त्या आवाजाचा वैताग आहे."

"कुणी विचारलं मला?"

"नाही विचारलं," पॉप हळूच म्हणाले. "ऐक. टर्बो येताना गप्प असतो. पण पाय काढला की आतला दाबलेला वारा सोडून देतो. उसासा टाकल्यासारखा. तुमच्या कोपऱ्यावर त्याला पाय काढावाच लागतो. तेवढंच आहे बघ."

ती पायरीवर बसली. पेस्टी करपल्याचा वास आला तरी उठली नाही. कोपऱ्यावर फस्स झालं, आणि ती उभी राहीपर्यंत तो फाटकात होताही.

"केटल नाही लावलीस?"

"ऐकूच आला नाहीस." तिने त्याचा तांबड्या धुळीचा शर्ट मुठीत धरला.

"तेच तर हवं होतं!" तो खुशीत म्हणाला. मग तिच्या मुठीकडे बघून त्याने तीवर आपला हात ठेवला.

सुट्टी संपल्यावर त्याने बॅग मागे टाकली, तेव्हा ती म्हणाली, "कोपऱ्यावर पाय काढ. येताना काढतोसच. जाताना पण."

"जाताना कशाला?"

"काढ."

त्याने काढला. फस्स. टिलीने हात हलवला. पूर्वी तो जायचा तेव्हा ती शीळ पार हमरस्त्यापर्यंत सोबत असायची, आणि ब्रॉन ती विरेपर्यंत आत जायची नाही. आज ऐकायला काही उरलं नव्हतं. तरी ती फाटकाशी तेवढाच वेळ उभी राहिली.