हिरवळीवरचा वळसा

"काका, तळं नक्की होतं कुठे? का तुम्हीच पिऊन टाकलंत?"

इंजिनियर स्वतःच हसला. बाबा हसले नाहीत.

समोर नुसती हिरवळ. अख्ख्या बागेत एवढी सपाट जागा नाही. तरी कोणी सरळ जात नाही. पायवाट गोल वळसा घालून जाते, कशाला ते बाहेरच्या कुणालाच माहीत नाही. बाबा इथे तेहतीस वर्षं माळी आहेत. नवा आलेला प्रत्येक माळी त्यांच्या मागून चालला आणि वाट तशीच पडली.

इथे तळं होतं. माझी ताई त्यात बुडून गेली, सहा वर्षांची असताना. बाबांचा डबा घेऊन आली होती. महिन्याभरात तळं बुजवलं. मी नंतरचा. मला ताई माहीत आहे ती फक्त या वळशामुळे.

आता तळं परत खणणार, बोटी सोडायला. जुना नकाशा सापडत नाही. काठ ठाऊक असलेला माणूस एकच, आणि तो दोनदा नाही म्हणाला होता.

"उद्या मशीन येतंय काका. नाही दाखवलंत तर अंदाजाने खणू."

"अंदाजाने नको," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "चल रे, ती फक्कीची पाटी घे."

चुन्याची पांढरी फक्की सोडत, काठाची रेघ आखत ते वळशाने निघाले. खाली बघतसुद्धा नव्हते. पायांनाच पाठ होतं सगळं. शेवटी दोन हात जागा राहिली आणि ते थांबले.

"बाबा, इथे राहिलं."

"राहू दे."

"दमलात का?"

"गप रे."

इंजिनियर आला. "काय झालं, फक्की संपली?"

"साहेब, इथे पायऱ्या करा. पार तळापर्यंत."

"पायऱ्या प्लॅनमध्ये नाहीत हो."

"तेव्हा पण नव्हत्या." बाबांनी त्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. "काठाच्या मातीत बोटांचे ओरखडे होते."

इंजिनियरने प्लॅन उघडला. मग त्याने खिशातून पेन काढलं. "किती रुंद?"

"एक लहान पोर, आणि तिला धरायला एक माणूस."

निघालो. फाटक समोरच होतं. तरी बाबा वळशानेच गेले. त्या मोकळ्या जागेपाशी त्यांनी न बघता हात मागे केला, आणि बोटं हळूच मिटली.

मी मागेच होतो. पण तो हात माझ्यासाठी नव्हता. मी दोन पावलं अंतर ठेवूनच चाललो.