एकच काळं कडं

मी थापा मारते हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. माझ्या सासूला विहिरीतल्या कासवानं लग्नाची मागणी घातली होती, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मला त्या कासवाचं तोंडसुद्धा आठवतं. पण ही थाप नाही, पोरांनो. हसू नका.

ह्यांचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्ती हे करायचे, साफसफाई माझ्याकडे. स्टेनलेस स्टीलचं रिव्हॉल्व्हर दिसायला राजबिंडं, पण भारी नाजूक. त्याच्या चक्राला गोळ्यांची सहा घरं. गोळी सुटली की ज्या घरातून सुटली त्याच्या तोंडाभोवती काजळीचं काळं कडं धरतं. जितक्या गोळ्या, तितकी कडी. घाईवाले तिथे तारेचा ब्रश नाहीतर पॉलिशपेपर घासतात आणि स्टीलला जन्माचे ओरखडे पाडतात. मी तेल लावून तासभर मुरू द्यायची, मग पितळी ब्रश, तोही बाळाचं डोकं पुसावं तसा, मग सुती चिंधी.

माझे धाकटे दीर कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी. त्यांचं रिव्हॉल्व्हर आठवड्यापूर्वीच मी आरशासारखं करून दिलं होतं. एका सकाळी त्यांचा साहेबच ते घेऊन दुकानात आला. हे माल आणायला गेले होते.

"काल संध्याकाळी फाटकावर गर्दी झाली. तुमच्या दिरानं हवेत बार काढला," साहेब म्हणाला. "ऑफिसात जमा करायचंय. जरा लखलखीत करून द्या."

"भावजी कुठायत?"

"ड्युटीवर. डबल पाळी आहे."

मी चक्र उघडलं. एकच कडं. बाकीची पाच घरं मी ठेवली होती तशीच स्वच्छ.

"एकच गोळी सुटलीय," मी म्हटलं.

"वा! तुम्हाला फारच बारीक कळतं की!"

झालं, मी फुगले. असं पुसून दिलं, की तिथे कधी काजळी होती हे देवालाही सांगता आलं नसतं.

दुपारी जाऊ धापा टाकत आली. फाटकावर एक कामगार मेला होता, आणि भावजी रात्रीपासून कोठडीत होते; रिव्हॉल्व्हर साहेबानं पोलीस यायच्या आधीच काढून घेतलं होतं. गोळ्या दोन सुटल्या, हे सगळ्यांनीच ऐकलं होतं. भावजी म्हणत होते, मी एकच झाडली, आभाळात; दुसरी साहेबाच्या पिस्तुलाची. साहेब म्हणत होता, दोन्ही ह्यानंच झाडल्या. माणसाला लागलेली गोळी आरपार गेली, ती सापडलीच नाही. भावजींना वाचवणारी एकच खूण होती, ती मी माझ्या हातानं पुसली होती. वर साहेबाला चहा पाजला होता.

साक्षीच्या दिवशी ह्यांनी बजावलं, "विचारतील तेवढंच बोल. तिखटमीठ लावलंस तर याद राख."

"मी काय खुळी आहे?"

आमच्या वकिलानं विचारलं, "बाई, किती कडी होती?"

"एक."

तिथेच थांबायचं होतं. पण सगळं कोर्ट कान देऊन ऐकत होतं, न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं होतं. एवढे कान समोर दिसले की माझी जीभ वळवळते.

"एक म्हणजे एकच, वकीलसाहेब! डोळे बांधा माझे, नुसत्या वासावरून सांगेन किती गोळ्या सुटल्या ते!"

सरकारी वकील उठला. "बाई, तुमच्या सासूला कासवानं मागणी घातली, तेव्हाही तुम्ही हजर होता का?"

कोर्ट खदाखदा हसलं. आणि आता काय लपवू, मीसुद्धा हसले. पिंजऱ्यातून भावजी माझ्याकडे बघत होते. ते हसले नाहीत. वकील पुढे म्हणाला, "आणि पुरावा पुसला कोणी? आरोपीच्या सख्ख्या वहिनीनं!"

जन्मठेप झाली.

निकालानंतर जाऊ माझ्या स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली.

"जाऊबाई, आता इथे कोर्ट नाही, कोणी नाही. खरं सांगा. एकच होतं ना?"

"एकच गं. लेकरांची शपथ."

"हो ना," ती म्हणाली, आणि जरा वेळानं निघून गेली. मागाहून कळलं, तिनं ह्यांनाही गाठून तेच विचारलं. हे म्हणाले, "मी दुकानात नव्हतो."

पहिल्या वर्षी ती दर भेटीच्या दिवशी तुरुंगात जायची. मग महिन्यानं जायला लागली. मग मीच एकटी जात राहिले.