पहिला चमचा

लोकं म्हंत्यात, गुनमालाबाईनं नवऱ्याला घरातनं घालवलं. म्हनू देत. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या दिवशी मांडवात अर्धं गाव बसलं व्हतं, पन खरं काय झालं ते मला इचारा. मी कुनाला घालवलं न्हाई. मालक आपल्या पायानं गेलं. मी तर जाग्यावरनं हालले बी न्हाई.

अजितकुमार माझा एकुलता येक ल्योक. लेक चंदनबाला रहिमतपुराला दिलेली, ती तिच्या घरी सुखात. ल्योकाला सांगलीला शिकवला, मळा दाखवला, जैनाच्या चांगल्या घरची पोरगी बगून ठेवली. ह्यो गडी मिरजेच्या दवाखान्यात मामाला बगायला म्हनून गेला आन तिथली नर्स बगून आला. शालन तिचं नाव. वडूजकडची मराठ्याची पोर, बाप पलटनीत सुभेदार. त्यांच्यात जत्रंला बकरं पडतंय. आन आमच्यात चातुर्मासात कांदा चुलीपाशी येत न्हाई. सांगा आता, जमायचं कसं?

त्येनं सही करून लगीन केलं आन मिरजेलाच बिऱ्हाड मांडलं. मी उंबऱ्यातच सांगितलं, आता हितं पाय ठेवायचा न्हाई. त्येनं बी ठेवला न्हाई. माझाच ल्योक त्यो, सुंभ जळला तरी पीळ जातोय व्हय? पोरगी झाल्याचं कळलं तवा मी गोठ्यात शेन भरत व्हते. भरतच ऱ्हायले.

मालकांचं काळीज मात्र लोन्यावानी. जयपाल मगदूम म्हनलं की पंचक्रोशीत लोकं उठून उभी ऱ्हायची, पन घरात माझ्यापुढं त्येंचा आवाज कवा निघाला न्हाई. गुळाची गाडी घिऊन सांगलीला गेलं की पेठंत काम उरकून मिरजेच्या रस्त्याला तोंड करून उभं ऱ्हायचं. म्होरं जायचं न्हाई. हे मला गाडीवानानं सांगितलं. मी म्हनलं, ऱ्हाऊ देत उभं, पाय दुखलं की घरी येत्यात.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्येंच्या छातीत कळ आली. डाक्टरनं मला बाजूला घिऊन सांगितलं, बाई, आता ह्येंच्या मनासारकं करा, भरवसा न्हाई. त्या दिवशी खाटंवर पडल्या पडल्या मालक म्हनालं, "गुना, मला आता मळा नगं, पैका नगं. अजितला शेजारी बसवून आन नातीला मांडीवर घिऊन येकदा जेवायचं हाय. तेवढं येक कर."

मी म्हनलं, "बगू."

भादवा आला. आमच्या दशलक्षन पर्वाचं दिवस. त्या वर्साला मी दहा उपास धरायचं ठरवलं. दहा दिस पोटात अन्नाचा कन न्हाई, दिसातनं येकदा उकळून गार केल्यालं पानी, बस. सोपं न्हाई बरं का. जी बाई दहा उपास काढती तिचा मान लय मोटा. पारन्याच्या सकाळी समदी भावकी, लेकी, नातवंडं गोळा व्हत्यात, पाया पडत्यात आन येकेक जन मुगाच्या पान्याचा चमचा तिच्या तोंडात घालतो. पयला चमचा ल्योकाच्या हातचा. त्यो तिच्या गळ्याखाली उतरत न्हाई तंवर मांडवातलं कोनबी अन्नाला शिवत न्हाई. आन त्याच दिवशी आमी येकमेकांची क्षमा बी मागतो. सासू सुनंपुढं हात जोडती, मालक गड्यापुढं जोडतो. मागितली की न्हाई म्हनायचं न्हाई, धर्मच हाय तसा.

उपास धरायला घरधन्याचा होकार लागतो. बस्तीत, म्हंजे आमच्या देवळात, देवापुढं मी उभी ऱ्हायले, उपाध्यांनी मालकांना इचारलं. कवा न्हाई ते मालक मोट्यानं बोललं, "माझा होकार हाय. पर पारन्याचा पयला चमचा अजितच्या हातचा."

समद्यांनी ऐकलं. बायका माझ्या तोंडाकडं बगायला लागल्या. मी हात जोडलं आन देवापुढं मान वाकवली. मालकांनी त्येचा अर्थ हो असा घेतला. घेतला तर घेतला. मी तोंडानं काय बोलले न्हाई. त्याच सांजला त्येनी मिरजेला मानूस धाडला.

दहा दिस मी कसं काढलं ते माझं मला ठावं. सहाव्या दिवसापास्नं उठलं की डोळ्यापुढं अंधारी. चंदन आली व्हती, ती पाय चेपायची आन रडायची. मालक सकाळी उठून माझ्या खाटंपाशी यायचं, दम लागलेला असायचा तरी यायचं, आन म्हनायचं, "गुना, तू लय मोटी हायस." मला बरं वाटायचं. का वाटू नये? चाळीस वर्सं ह्या घरासाठी राबले, कुनी मोटी म्हनायला दहा दिस उपाशी ऱ्हावं लागलं.

पारन्याचा दिवस उगवला. दारात मांडव, वाजंत्री, बस्तीतनं मला मिरवत आनली. नवं पांढरं लुगडं, गळ्यात हार. चौरंगावर बसवलं. आन मग जी रांग लागली म्हंता. थोरल्या जावंनं पाया पडून सांगितलं, तुझ्यामुळं ह्या घराला घरपन हाय. चंदन म्हनाली, आई, तू हायस म्हनून आमी मान्सात हाय. तिची पोरं "अव्वा, अव्वा" करून गळ्यात पडली. कुनी माझ्या हातच्या हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, आठवन काढली, कुनी प्लेगच्या साली मी तीन घरांचं दुखनं काढलं त्येची. ज्येंनी वर्सभर माझ्या पाठीमागं बोटं मोडली त्येंनी बी डोळं पुसलं. मी म्हनलं, रडा, आज तुमची पाळी.

तेवढ्यात समद्यांच्या माना मांडवाच्या तोंडाकडं वळल्या. अजित आला व्हता. मागं ती शालन, डोक्यावरनं पदर घेतलेली. तिचं बोट धरून पोरगी, पाच वर्सांची. पद्मा नाव ठेवलंय तिचं. माझ्या सासूचं नाव. इचारलं न्हाई कुनाला, ठेवून मोकळी.

पोरगी दिसायला? आता खरं सांगायचं तर मालकांचंच नाक.

मालक उठून उभं ऱ्हायलं. खांब धरला व्हता. अजित सरळ माझ्याम्होरं आला, गुडघं टेकलं, हात जोडलं. "आई, इतकी वर्सं मी तुला दुखवलं. क्षमा कर." शालननं बी वाकून तेच म्हनलं. पोरगीला शिकवून आनलं व्हतं, तिनं बी हात जोडलं, "अव्वा, क्षमा करा."

मी मोट्यानं म्हनलं, "केली. तिघास्नी बी केली."

मांडवात बायकांनी पदर डोळ्याला लावलं. उपाध्ये म्हनालं, धन्य हाय बाई. मालकांच्या तोंडावर असं हासू मी लग्नात बी बगितलं नव्हतं. त्येनी लगोलग चंदनला हाक मारली, "पाट मांड गं. माझ्या शेजारी अजित, आन पोरगी माझ्या मांडीवर. पारनं झालं की पंगत बसवा."

पोरगीला तहान लागली व्हती. ती म्हनाली, "अव्वा, पानी." हंडा माझ्या उजव्या हाताला, वर चांदीचा गडू. चंदनचा हात गडवाकडं गेला. मी म्हनलं, "त्यो न्हवं. भाइर गड्यामान्सांचं भांडं हाय, त्यातनं दे."

क्षमा केली म्हंजे काय सोवळं मोडलं व्हय? क्षमा येगळी, चूल येगळी. माझ्या आईनं मला हेच शिकवलंय.

चंदन तशीच उभी. शालननं पोरगीला जवळ वढली. म्हनाली, "ऱ्हाऊ द्या आक्का. तिला तहान न्हाई."

अजितच्या हातात तवर कुनीतरी मुगाच्या पान्याची चांदीची वाटी दिली व्हती. चमचा भरून त्यो माझ्याम्होरं आला. मी त्येच्या अंगावरनं पलीकडं बगितलं आन पुतन्याला हाक मारली, "आप्पासो, तू ये. पयला चमचा तू दे."

मालक म्हनालं, "गुना, बस्तीत ठरलं व्हतं."

"तुमी ठरवलं व्हतं. दहा दिसांचा उपास माझा हाय. बाटल्याल्या हातानं मी सोडनार न्हाई."

अजितनं वाटी चौरंगाच्या कडंला ठेवली. लय हळू ठेवली, सांडू नये म्हनून. पोरगीला कडंवर घेतली आन वळला. आप्पासो बी म्होरं येईना, मान खाली घालून उभा.

तवा मालक आलं. खांब सोडून, धापा टाकत, चौरंगापाशी बसलं. म्हनालं, "अजित, थांब. पोरगी दे हिकडं." तिला मांडीवर घेतली. वाटी उचलली, चमचा भरला आन समद्या गावादेखत पयला चमचा त्या पोरगीच्या तोंडात घातला. तहानलेली पोरगी ती, चाटूनपुसून प्यायली. मग त्योच चमचा, तसाच उष्टा, परत वाटीत बुडवून भरला आन माझ्या तोंडाम्होरं धरला.

"घे गुना. तुझ्या नातीचं उष्टं हाय. उपास सोड."

चाळीस वर्सांत ह्या मान्सानं मला कवा उलटून बोललं न्हाई. माझ्याम्होरं मान वर न केलेला मानूस. त्येनं मला असं चारचौघांत पेचात धरावं? पोटात आग पडली व्हती. मुगाच्या पान्याचा वास नाकात. दहा दिसांची भूक काय असती ते तुमाला कसं सांगू? जीभ आपल्याआप म्होरं येत व्हती. मी दात आवळलं.

लय येळ त्यो चमचा माझ्या तोंडाम्होरं ऱ्हायला. पानी ठिबकून माझ्या नव्या लुगड्यावर पडलं.

"न्हाई?" मालकांनी इचारलं.

मी मान हालवली.

त्येनी चमचा वाटीत ठेवला. पोरगीला उतरवली, तिच्या खांद्याचा आधार घिऊन उठलं. "बरं," म्हनालं, "मग ह्या घरचं मला बी नगं." पायतान घातलं. अजितनं हात धरला, दुसऱ्या बाजूनं त्या शालननं. मी वाट बगत व्हते, उंबऱ्यापाशी तरी मागं बगतील. बगितलं न्हाई.

मान्सं येकेक करून उठली. माझ्या पोटात चमचा गेला नव्हता, मग जेवनार कोन? हुग्गीच्या कढया, आमटी, भात, समदं तसंच. जाताना कुनी पाया पडलं न्हाई. थोरली जाऊ, जिनं सकाळी घरपन काढलं व्हतं, ती मांडवातनं मागल्या मागं सटकली. दिस मावळायच्या आत चंदननं वाटी आनली, म्हनाली, आई, माझ्या हातनं तरी घे. मी म्हनलं, तू त्या पोरीला गडू द्यायला निघाली व्हतीस, तू बी जा. ती बी गेली. दिस मावळला, आमच्यात मग खाता येत न्हाई. अकरावा उपास घडला. हुग्गी म्हशींना घातली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी माझ्याच हातानं चमचा भरला आन प्याले. हाताला काय कळतंय, कुनाचा हाय ते?

मला वाटलं, चार दिसांत येतील. जातील कुटं? माझ्या हातच्या भाकरीबिगर त्येंच्या गळ्याखाली घास उतरत न्हाई. आप्पासो मिरजेला जाऊन आला की मी इचारायचे. तवा येकदा त्यो म्हनाला, "उतरतोय की, काकू. दोन-दोन भाकऱ्या खात्यात. अजित शेजारी बसतोय, पोरगी मांडीवर. लय हासत्यात."

म्हनलं, हासू देत. मरायला घरीच येतील.

आलं न्हाईत. दिवाळीच्या तोंडाला तिथंच गेलं. अंघोळ करून जेवलं, पोरगीला गोष्ट सांगता सांगता मान कलली, असं म्हंत्यात. आगीन बी कृष्णेच्या घाटावर तिथंच दिली. मला न्यायला अजितनं गाडी धाडली व्हती. मी गाडीवानाला सांगितलं, आदी त्येंना हिकडं आना, मग बगू. गाडी मोकळी गेली.

तेराव्यानंतर आप्पासो आला. खाली बसला. म्हनाला, "काकू, काकांनी निरोप ठेवलाय. म्हनालं, गुनाला सांग, मी तिला क्षमा केली. पर मी तिची मागत न्हाई."

"मागत न्हाई म्हंजे?" मी म्हनलं. "मागावीच लागती. वर्साला समदी येकमेकांची मागत्यात. चाळीस वर्सं त्येनी पयली माझी मागितली, मग दुसऱ्याची. कुनाला इचारून बंद केली?"

आप्पासो उठून गेला.

आता तुमीच सांगा. मला क्षमा करायला मी काय केलं व्हतं? मागायची त्येंनी व्हती. भादव्यात पारन्याचा दिवस आला की मी अंघोळ करून, हात जोडून उंबऱ्यात बसते. गावातली लोकं रस्त्यानं येकमेकांच्या घरी जात्यात, माझ्या दारावरनं जाताना पावलं उचलत्यात. जाऊ देत. मी मालकांना क्षमा करायला आजबी तयार हाय. मागायला यावं तर लागतंय का न्हाई?