कोळ्याचं धुकं

धावपट्टीच्या पूर्व टोकाला आमचं दृश्यमानता मोजणारं यंत्र आहे. खांबावर समोरासमोर दोन हात. एक प्रकाश सोडतो, दुसरा मधल्या हवेत तो किती विखुरला ते मोजतो. ही मधली हवा जेमतेम घागरभर, अहवाल मात्र अख्ख्या विमानतळाचा. त्या घागरभर हवेत कोळ्याने जाळं विणलं की यंत्राला तेही धुकंच वाटतं.

हे इतक्यांदा झालं होतं की सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पूर्वेच्या यंत्राने धुकं सांगितलं की कंट्रोलरकाका बटण दाबून अहवाल पश्चिमेच्या यंत्रावर टाकायचे आणि मला कुंचा देऊन पिटाळायचे.

त्या सकाळी टॉवरच्या काचांवर लख्ख ऊन होतं.

"तुझे पाहुणे आले बघ," बटण दाबत काका म्हणाले. "जा, मोड त्यांचं घर. आणि लवकर ये. ताई उतरली की म्हणेल, धाकटीला राबवून घेता."

माझी सख्खी ताई वैमानिक. भरलेलं विमान घेऊन ती पूर्वेकडूनच उतरणार होती.

"काका, एकदा तिकडे नजर तरी टाका."

"काय दिसणार? मध्ये नवा हँगर उभा केलाय ना! पळ आता, शास्त्रज्ञबाई."

मी जीप काढली. हँगर मागे पडला, रस्ता उताराला लागला आणि काच ओली झाली. वायपर फिरवला, तरी समोरचं काही स्वच्छ होईना. तळ्याच्या बाजूने काहीतरी पांढरं जमिनीलगत सरकत येत होतं. खांब दिसेना, म्हणून उतरून चाचपडत गेले. यंत्राच्या हातांवरून बोटं फिरवली. भिंगं पुसलेली. जाळ्याचा एक धागाही नव्हता.

जीपमधल्या रेडिओवर वैमानिकांसाठी सतत वाजणारा हवामानाचा अहवाल यंत्राच्या आवाजात शांतपणे सांगत होता, "दृश्यमानता दहा किलोमीटर. आकाश निरभ्र." ताईही हेच ऐकत असणार. मला माझ्या हातातला कुंचा नीट दिसत नव्हता.

मी वॉकीटॉकी ओढला. "काका, कोळी नाहीये! खरं धुकं आहे! ताईला उतरू देऊ नका!"

"अगं, इथे ऊन..."

"इथे मला जीप दिसत नाहीये, काका!"

मग डोक्यावर इंजिनांचा आवाज आला. तो खाली येत होता. पांढऱ्यात दोन दिवे उगवले, पिवळट, फार मोठे. मी चिखलात पालथी पडले. आवाज अंगावरून गेला आणि एकदम चढला. मान वर केली तेव्हा एक चाक दिसलं, इतकं जवळ की टायरवरच्या खाचा कळल्या. मग तेही धुक्यात शिरलं. आवाज वर, आणखी वर जात राहिला.

"गेली वर," काका म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "तू बरी आहेस ना, पोरी?"

"तो अहवाल आधी बंद करा."

"कधीचा बटण दाबतोय. संगणक घेत नाहीये. पश्चिमेचं यंत्र ठीक आहे म्हणतंय, मग बदलायचं कशाला, असं विचारतंय."

"मग ताईच्या मागून येणाऱ्या विमानाला सांगा!"

"हाका मारतोय गं. त्याचा वैमानिक अजून आमच्या रेडिओ-वाहिनीवर आलेला नाही. हवामान ऐकत असेल."

जीपमध्ये तो आवाज पहिल्यापासून सुरू झाला. आकाश निरभ्र.