अल्फान्सोचा फोटो आणताना

मी बोलतोय, भाईंदर पूर्वेच्या शर्लिनच्या स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर. कारखान्यातलं मला काही आठवत नाही. डोळे उघडले ते याच गाळ्यात. पहिल्या दिवशी शर्लिनने माझ्या पडद्यावर अंगठ्याने क्रूस काढला होता.

लग्नाचे, बारशाचे, पासपोर्टचे किती चेहरे माझ्या पोटातून गेले. माणसं फोटो काढताना पोट आत घेतात आणि बघताना आधी स्वतःलाच शोधतात. आता माझा पंखा घरघरतो. मुंबईच्या लॅबच्या सर्व्हरवरून जुने फोटो आणणं, एवढंच काम मला उरलं होतं.

परवा सेलेस्टिन आला. मूळचा तारोडी गावचा, हल्ली इथेच फ्लॅटमध्ये राहतो. त्याचे वडील अल्फान्सो वारले होते, आणि चर्चमध्ये महिन्याच्या मिस्साला, म्हणजे त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला, ठेवायला धड फोटो नव्हता. नातीच्या, मेगनच्या चर्चमधल्या कम्युनियनच्या सोहळ्याला शर्लिनने काढलेला एकच होता, म्हातारा हसतानाचा. तो लॅबकडे होता, आणि लॅब त्याच संध्याकाळी कायमची बंद होणार होती.

मी लॅबला हाक मारली. नाव पटलं, पासवर्ड पटला, पण फोटो काही येईना. शर्लिनने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. सेलेस्टिन रुमाल पिळत बसला होता. माझाही जीव टांगणीला लागला.

मग शर्लिनने कपाळाला हात लावला. "नेटचा डबा नवीन बसवला ना आपण. आणि हा अजून ॲक्टिव्हवरच चालतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण लॅबला सांगतो, फोटो आमच्या दारात आणून दे. ती आणते पण. हा नवीन डबा बिल्डिंगच्या वॉचमनसारखा हाय, बाहेरून आलेल्याला सोडत न्हाय. पॅसिव्ह केलं की लॅब तिचं दार उघडते आणि आपण स्वतः जाऊन घेऊन यायचं. घरातून बाहेर जाणाऱ्याला वॉचमन कशाला अडवेल?"

तिने माझ्या सेटिंगमधली ती एक खूण बदलली. मी स्वतः निघालो, आणि फोटो आला. वरून खाली, हळूहळू. आधी पांढरे केस, मग ते हसू.

सेलेस्टिन खुर्ची ओढून पडद्याजवळ बसला.

"पप्पा ताजे बोंबील घेऊन यायचा," तो म्हणाला. "वॉचमन मच्छीवाला समजून गेटवरच थांबवायचा. पप्पा खालून फोन करायचा. मी सांगायचो, वॉचमनकडे ठेवून जा, मागून घेतो."

शर्लिनने फोटो छापायला लावला.

"मी एकदा पण खाली उतरलो न्हाय."

छापलेला फोटो त्याने पिशवीत घातला नाही. छातीशी धरून घेऊन गेला. मला फार वाईट वाटलं.

आता नवीन कॉम्प्युटर येतोय आणि मला भंगारवाला नेणार आहे. त्याची तक्रार नाही. जाता जाता एवढंच मागतो: ज्याला तुम्ही वरूनच 'ठेवून जा' म्हणता, तो कदाचित गेटवर अडलेला असेल. तो आहे तोवर खाली उतरा.