पोटाखालची तांबडी रेघ

बोटाएवढ्या एका माशावर संशोधकाने आयुष्याची सहा वर्षं घातली होती. त्या माशाला बाजारात भाव नव्हता, कारण तो निव्वळ काटा होता. आणि सरकारदरबारी किंमत नव्हती, कारण तो चिखलासारखा दिसे. त्याच्यावर प्रबंध लिहून संशोधक डॉक्टर झाला. तेव्हापासून होडीवाले काका त्याला डॉक्टर म्हणत आणि अधूनमधून आपला गुडघा दाखवत.

प्रबंधाच्या एकशे बाराव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं : पोटाखाली तांबडी रेघ असेल तो नर, नसेल ती मादी. परीक्षकांनी या वाक्याचं फार कौतुक केलं होतं.

पुढे रस्त्यासाठी पाणथळीत भराव पडू लागला. उरलेल्या शेवटच्या डबक्यात संशोधकाने आणि काकांनी तीन दिवस जाळं ओढलं, तेव्हा कुठे दोन मासे हाती लागले. दोघांच्याही पोटाखाली तांबडी रेघ.

"दोन्ही नर," म्हणत संशोधक मटकन चिखलात बसला. मादीशिवाय ही जात इथेच संपणार होती.

काकांनी बादलीत डोकावून पाहिलं. "डॉक्टर, ही लहानखुरी आहे ना, ती बाई आहे."

"कशावरून?"

"चालीवरून."

"काका, मी यावर प्रबंध लिहिलाय."

"मग राहिलं. मी आपला चाळीस वर्षं नुसता बघत आलोय."

प्रयोगशाळेतल्या टाकीत सोडल्या सोडल्या मोठा लहान्याच्या मागे लागला. नर एकत्र आले की भांडतात, हेही प्रबंधात होतं. लहान्याचा जीव वाचावा म्हणून संशोधकाने टाकीत मधोमध काच बसवली.

मग दोन वर्षं त्याने दोघांची जावयासारखी बडदास्त ठेवली. रविवारीसुद्धा जाऊन पाणी बदललं. लग्न जमवायला निघालेल्या मामासारखा तो मादीसाठी अकरा तळी पालथी घालून आला आणि हात हलवत परतला. इकडे मोठा दिवसभर काचेला तोंड लावून असे. संशोधक रोज वहीत लिही : आक्रमकता कायम.

एका सकाळी लहाना कुशीवर तरंगताना दिसला. संशोधकाने त्याला ट्रेमध्ये घेऊन पोट उघडलं. आत मोहरीसारखी पिवळी, टपोरी अंडी होती.

वय झालं की ती रेघ माद्यांनाही येत असणार. प्रबंधासाठी त्याने तपासलेल्या सगळ्या माद्या कोवळ्या होत्या.

त्याने काकांना फोन केला. काका लंगडत आले, ट्रेपाशी उभे राहिले.

"तुमचं खरं होतं, काका."

"खरं असून काय करता? मीच तेव्हा जरा आवाज चढवायला हवा होता." काकांनी डोळ्यांवरून बाही फिरवली. "आता याला एकट्याला तरी मोकळं करा."

संशोधकाने काच उचलून बाहेर काढली. मोठा पुढे आला, काच होती तिथवर आला आणि थांबला. नेहमीसारखा.

"काच निघाली म्हणून सांगा त्याला, डॉक्टर."

संशोधकाने वही ओढून घेतली आणि दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या पानापासून एकेक 'आक्रमकता कायम' खोडायला बसला.