चित्र, चित्र, चित्र

टेसा झुपानला आपल्या अक्षराचा भारी गर्व होता, आणि तो उगाच नव्हता. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराच्या त्या भागातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तिच्याच हातच्या. त्यामुळे वडिलांच्या अकॉर्डियन-दुरुस्तीच्या दुकानाची वेबसाइट करताना तिने छापील अक्षराला थाराच दिला नाही. नाव, पत्ता, कामांची यादी, सगळं हाताने रेखाटलं आणि चित्रं म्हणून चढवलं. पान बघत राहावं असं झालं.

बघायला मात्र कोणी फिरकलं नाही. सात महिन्यांत एकही नवं गिऱ्हाईक आलं नाही, आणि जुनी एकेक करून देवाघरी चालली होती. शेवटी वडिलांनी, म्हणजे रूडी झुपानने, सांगून टाकलं: महिनाअखेर दुकानाची किल्ली जागेच्या मालकाला परत.

"तुझं काही चुकलं नाही गं," तो म्हणाला. "लोकांनाच आता अकॉर्डियन नकोसा झालाय."

हा दिलासा टेसाला फार झोंबला.

शुक्रवारी दुपारी एल्मर आला. चाळीस वर्षं अकॉर्डियनवर पोलका नाचाच्या धुना वाजवणारा रूडीचा दोस्त, जन्मापासून आंधळा आणि तोंडाचा महाफटकळ. पट्टा तुटलेलं वाद्य बाकावर आदळत त्याने विचारलं, "पोरी, त्या तुझ्या वेबसाइटवर आहे तरी काय?"

"सगळं आहे की, अंकल."

"ऐक मग." त्याने फोन पुढे धरला. पान वाचून दाखवणारा कोरडा आवाज बोलू लागला, "चित्र. चित्र. चित्र. चित्र."

"एवढंच?"

"एवढंच! मला वाटलं, म्हाताऱ्याने फोटोंचं प्रदर्शन मांडलंय."

रूडी खो खो हसला. टेसाला मात्र एकदम उलगडा झाला. सर्च इंजिनचे क्रॉलर, म्हणजे जगभरची पानं वाचत फिरणारे ते प्रोग्रॅम, एल्मरसारखेच वाचतात. पानामागचा मजकूर घेतात. चित्रातलं नक्षीदार अक्षर त्यांच्या फारसं हाती लागत नाही. हे ती शिकली होती आणि स्वतःच्या अक्षराच्या प्रेमात साफ विसरली होती. कोणी 'अकॉर्डियन दुरुस्ती' शोधलंच, तर कोरं पान ते कशाला पुढे करतील? चूक अकॉर्डियनची नव्हती, तिची होती.

ती तिथेच बाकावर लॅपटॉप उघडून बसली. पत्ता, फोन, कामं, सगळं साध्या टाइपात टंकलं. जिवावर आलं, पण टंकलं. मग प्रत्येक चित्रामागे त्याचं वर्णन, पडद्यावर न दिसणारं, पण तो कोरडा आवाज वाचेल असं. शेवटी वडिलांचा फोटो उरला. 'दुकानदार' असं लिहून तिने खोडलं. समोर रूडी कपाळावर चष्मा चढवून वाद्यातून काढलेली सुराची धातूची पट्टी कानाशी धरून बसला होता. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, आणि मग लिहू लागली.

"झालं. पुन्हा वाचून जा म्हणून क्रॉलरला कळवलंय. आता तो येईल तेव्हा येईल."

"तोवर मी वाचतो की," एल्मर म्हणाला.

कोरडा आवाज पत्ता आणि कामं वाचून खाली आला. "चित्र. रूडी झुपान, वय एकाहत्तर. सूर जुळला की आधी यांचा चेहरा उजळतो. इतरांनी टाकून द्या म्हटलेली वाद्यं यांनी बोलती केली. यांची मुलगी याच बाकाखाली झोपून मोठी झाली. तुमचं वाद्य घेऊन या. ते अजून आहेत."

रूडीचा हात थांबला. "हे त्या यंत्रासाठी लिहिलंस?"

"त्याला दिसत नाही ना, बाबा."

चष्मा पुसायला म्हणून रूडीने पाठ फिरवली.

महिना संपायला चार दिवस होते. खोकी भरून झाली होती. तेवढ्यात फोन वाजला, रूडीने उचलला. जवळच्या ॲक्रन शहरातून एक बाई बोलत होती. तिच्या आजोबांचा बटणांचा अकॉर्डियन वीस वर्षं मुका पडला होता.

"वेबसाइटवर वाचलं," ती म्हणाली. "ते दुरुस्त करणारे... ते अजून आहेत ना?"

रूडीने टेसाकडे पाहिलं. मालकाला द्यायची किल्ली खिशातून काढून त्याने पुन्हा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.

"आहे," तो म्हणाला. "आहे मी. या."